होडीची बॅटरी सातव्या मजल्यावर

माझ्या नवऱ्याला दरवर्षी पावसाळा सरला की नवी बॅटरी घ्यावी लागायची. आमची होडी लहानशी, फायबरची. मधोमध एक छोटं डिझेल इंजिन. त्यानं हौसेनं त्याला सेल्फ बसवून घेतलेला. बटण दाबलं की इंजिन घुर्र करून चालू. पण ते बटण बॅटरीच्या जिवावर, आणि बॅटरी पावसाळ्यात हमखास मरायची. मेअखेरीला होडी किनाऱ्यावर ओढून, वर ताडपत्री बांधून नवरा घरी यायचा, तो थेट नारळी पौर्णिमा आली की परत तिकडे फिरकायचा. तोवर बॅटरीचा दगड झालेला असायचा. मग कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या गल्लीत जाऊन नवी. तिथला दुकानदार ह्याला इतका ओळखायचा की दिवाळीला मिठाईचा बॉक्स द्यायचा.

"माझे बापसान मोऱ्याला आख्खा जलम वल्ह्यावर काढला," सासूबाई म्हणायच्या. "आनि तुमाला नुसता बटन दाबाया पन बॅटरी टिकत नाय."

सासूबाई मोरा बंदरातल्या, कोळ्याची लेक. लग्न होऊन ह्या खाडीकाठच्या गावात आल्या आणि चाळीसेक वर्षं त्यांनी मासळी विकली. आता गावाशेजारच्याच एका सोसायटीत सातव्या मजल्यावर आमच्याबरोबर राहतात. मी साताऱ्याकडची. लग्नाआधी माझं आणि पाण्याचं नातं म्हणजे विहीर आणि नळ. नोकरी एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटात. होडीशी माझा संबंध एवढाच की रविवारी नवरा शिकवेल तसं सुकाणू धरायचं आणि किंचाळायचं नाही.

त्या वर्षी मे महिन्यात नवऱ्याच्या कंपनीनं त्याला गुजरातच्या एका बंदरावर पाठवलं, दिवाळीपर्यंत. निघताना तो म्हणाला, "होडी ओढून ठेवलीय. बॅटरी आतच राहू दे. पौर्णिमेला बघू, नाहीतर नवी घेऊ."

"ह्या वेळी नाही," मी म्हणाले. का म्हणाले, कुणास ठाऊक. बॅटरीबरोबर आलेलं माहितीचं पत्रक मी त्याच आठवड्यात वाचलं होतं, आणि त्यात साध्या सरळ शब्दांत लिहिलं होतं की अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो आणि ती पुन्हा नीट भरत नाही. म्हणजे आमच्या बॅटऱ्या म्हातारपणानं गेल्याच नव्हत्या. त्या उपासमारीनं गेल्या होत्या.

जून लागल्यावर एकदा हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या एकदम ताठ बसल्या. "उपाशी? आमचे घरान? चल, घेऊन येऊ तिला."

त्या दिवसापासून ती 'आईंची बॅटरी' झाली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. आधी काळी वायर सोडवली, मग लाल. बॅटरी एवढी जड की उचलताना माझ्या तोंडातून साताऱ्याची सगळी भाषा बाहेर आली. वॉचमनकडून पाण्याचे कॅन न्यायची ढकलगाडी मागून आणली होती. तिच्यावर बॅटरी ठेवली, वर सासूबाईंची जुनी शाल घातली आणि सोसायटीच्या गेटातून आत आलो. लिफ्टपाशी सेक्रेटरी काका उभे. बँकेतून रिटायर झालेले, शर्ट कायम पांढरा, इस्त्रीचा.

"काय नेताय, वहिनी?"

मला धाप लागलेली. "आईंची बॅटरी. पार उतरलीय. चार्ज करायला नेतेय."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी शालीकडे पाहिलं, मग माझ्या मागून डुलत येणाऱ्या सासूबाईंकडे. हळू आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"मेपासून बघा. कुणाचं लक्षच नाही."

"अरे देवा. आणि तशाच... चालतात?"

"कोण, आई? त्या आत्ता जेट्टीपर्यंत चालत जाऊन आल्या की."

काकांनी लिफ्टचं दार दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सासूबाईंना म्हणाले, "या आजी, सावकाश. घाई करू नका." सासूबाईंना एवढा मान सोसायटीत पहिल्यांदाच मिळत होता. त्या राणीसारख्या आत शिरल्या.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझं सगळं लक्ष गाडीचं चाक लिफ्टच्या फटीत अडकू नये ह्यावर.

आता बॅटरी ठेवायची कुठं? सासूबाईंना ती पलंगाखाली हवी होती, उबेला. मी नाही म्हटलं. चार्ज होताना बॅटरीतून गॅस निघतो, तो कोंडला आणि ठिणगी पडली की संपलं. सासूबाईंना ते पटेना. शेवटी म्हटलं, "आई, मार्केटात कांदा हवेशीर ठेवतात ना, कोंडला की सडतो? तसंच हे." कांद्याचं त्यांना लगेच पटलं. बॅटरी बाल्कनीत गेली, पावसाच्या माऱ्यापासून आत, लाकडी पाटावर. खाडी समोरच दिसत होती. "बरा, तिला पानी दिसल," सासूबाई म्हणाल्या.

मग आम्ही तिची न्हाणीधुणी काढली. दोन्ही टर्मिनलवर हिरवट पांढरी भुकटी साचलेली, खाऱ्या हवेची देणगी. वरची बुचं घट्ट आहेत ना ते पाहिलं, हातात रबरी मोजे घातले, गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवला आणि जुन्या टूथब्रशनं लावला. फस्स करून फेस आला. सासूबाई टाळ्या पिटायला लागल्या. "गो बाय, बघ, बघ! अजून टाक!" भज्यांचा अर्धा सोडा त्या दिवशी संपला. मग पुसून कोरडं केलं आणि वर व्हॅसलीन चोपडलं. बुचं उघडून आत पाहिलं तर पाणी खाली गेलेलं, पट्ट्या जेमतेम बुडालेल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आल्या. मी आडवी पडायचीच बाकी राहिले. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, डिस्टिल वॉटरच लागतं. मी धावत जाऊन पेट्रोल पंपावरून बाटली आणली. पट्ट्या बुडतील इतकंच घातलं, काठोकाठ नाही.

चार्जर हळू भरणारा घेतला होता. घाईनं भरली की तापते. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला, आणि मग भिंतीवरचं बटण. थोड्या वेळानं आतून बारीक बुडबुड ऐकू यायला लागली. सासूबाई पाटाशेजारी मांडी घालून बसल्या, कान देऊन. "जेवतेय," म्हणाल्या.

त्या आठवड्यात आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी शहाळं घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई मोसंबी. प्रत्येकजण दारातच आवाज खाली आणून विचारायचा, "आता कसं आहे?" मी उत्साहानं सांगायचे, "छान! रात्रभर चार्जिंगला होती, आता एकदम टवटवीत." बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीनं डोळे पुसले. मला वाटलं, किती प्रेमळ सोसायटी आहे ही, होडीच्या बॅटरीसाठी शहाळी आणतात!

सासूबाईंना मात्र दुसऱ्याच दिवशी उलगडा झाला होता. हे मला नंतर कळलं. कुणी आलं की त्या सोफ्यावर आडव्या व्हायच्या, छातीवर हात ठेवायच्या आणि बारीक आवाजात म्हणायच्या, "हाय आता, देवाची किरपा." पाहुणे गेले की उठून मोसंबं सोलायच्या.

शेवटी सेक्रेटरी काका स्वतः आले. मी ऑफिसमधून नुकतीच आलेली. बाल्कनीतून चंदनाचा वास आला. धावत गेले तर सासूबाई पेटती उदबत्ती घेऊन बॅटरीला ओवाळायच्या बेतात. चार्जर चालू, बुडबुड चालू.

"आई! ती बंद करा! आधी बाहेर काढा!" मी ओरडले आणि उदबत्ती हिसकावून बाथरूमच्या बादलीत बुचकळली. "बॅटरीजवळ आग नाही आणायची! सांगितलं नव्हतं? आपण दोघी वर जाऊ!"

मागे वळले तर काका दाराच्या चौकटीत, हातात पपई, चेहरा पांढराफटक. "ही... ही बॅटरी आहे?"

"हो."

"एवढी मोठी? आणि ही आजींना जोडता कशी?"

मग माझ्या डोक्यात लिफ्टपासूनचा सगळा संवाद धडाधड लागत गेला. मेपासून उतरलेली. तशाच चालतात. रात्रभर चार्जिंगला होती. मी मटकन खाली बसले आणि हसायला लागले, ते थांबवताच येईना. सासूबाई पदरात तोंड खुपसून गदगदत होत्या.

"सेक्रेटरी," त्या शेवटी म्हणाल्या, "माजी नाय, होडीची हाय. मना अजून सेल्फ लागत नाय."

काका मोठ्यानं हसले आणि पपई टेबलावर ठेवून खुर्चीत बसले. त्यांनी आपला समज कसा झाला ते सगळं पहिल्यापासून सांगितलं: त्यांना वाटलं हृदयाचं काहीतरी मशीन. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना विनंतीही केली होती की आजींसाठी लिफ्ट अडवून ठेवू नये. मग त्यांनी बॅटरीकडे नीट पाहिलं, खाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं ही खाडी खिडकीतून बघतोय. आत कधी गेलो नाही."

"येवा मंग," सासूबाई म्हणाल्या. "पौर्णिमेचे आधी पाण्यान टाकनार हाव."

सगळा पावसाळा ती बॅटरी बाल्कनीत आमच्याबरोबर राहिली. मी ती भरून ठेवायचे, चार्जर काढून ठेवायचे, आणि मधूनमधून मीटर लावून बघायचे. काही न करताही ती हळूहळू उतरते, म्हणून थोडी खाली आली की पुन्हा लावायची. मीटरवर साडेबारा व्होल्टच्या वरचा आकडा दिसला की मी आनंदानं सासूबाईंना हाक मारायचे. नवऱ्याचा फोन आला की मी तिकडची हवा, जेवण काही विचारायच्या आधी मीटरचा आकडा सांगायचे. "अगं, मी आजारी आहे, ताप आलाय," तो एकदा म्हणाला. "बारा पॉइंट सहा!" मी म्हणाले, कारण लाइन खराब होती आणि मला नीट ऐकू आलं नव्हतं. त्यानं फोन ठेवून दिला.

श्रावणात पौर्णिमेच्या आठवडाभर आधी माझ्या चुलत दिरानं, म्हणजे मी ज्यांना भावोजी म्हणते त्यांनी, चार माणसं लावून आमची होडी ताडपत्रीतून काढली आणि गावामागच्या तिवरांच्या झाडीतल्या ओहोळात पाण्यावर लावली. रविवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. मी, सासूबाई आणि सेक्रेटरी काका, तिघांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट. काकांचं जॅकेट पांढऱ्या शर्टावर. बॅटरी तिच्या पेटीत बसवली, पट्टा आवळला. आता आधी लाल, मग काळी.

"दाब," सासूबाई म्हणाल्या.

नुसती 'टक्' झाली तर? नवऱ्याच्या बॅटऱ्या तशाच करायच्या, पावसाळ्यानंतर, टक् टक्, की संपलं. मी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

घुर्र! एका दमात. तिवरांवरचे बगळे फडफडून उडाले. मी किंचाळले. सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडून इंजिनाची दृष्ट काढली. काका टाळ्या वाजवत उभे राहिले आणि होडी एवढी हलली की लगेच बसले.

सुकाणू माझ्या हातात, वाट सासूबाईंच्या तोंडी. "डावीकरं घे. आता सोर. त्या खुंटाला नको जाव." ओहोळातून बाहेर पडलो आणि खाडी एकदम समोर आली, रुंद, चहासारखी. पलीकडे उंच इमारती, त्यात आमचीही. काकांनी आपली खिडकी शोधून काढली आणि तिला हात केला. वारं तोंडावर येत होतं, मी होडी चालवत होते, मी, साताऱ्याची, आणि मला वाटत होतं की सगळं जग माझ्या ओळखीचं आहे.

वळण घेऊन जेट्टीपाशी आलो तर भावोजींची मोठी बोट पताका लावून उभी, आणि भावोजी डोक्याला हात लावून बसलेले. पौर्णिमेच्या मिरवणुकीसाठी त्यांनी बोटीवर मोठाले स्पीकर चढवले होते आणि सकाळपासून इंजिन बंद ठेवून त्यांची ट्रायल चालली होती. इंजिनाच्याच बॅटरीवर. गाणी थांबली ती बॅटरीच झोपली म्हणून.

"वहिनी! तुमची चालू हाय?" ते तिथूनच ओरडले.

"चालू हाय म्हंजे?" सासूबाई उभ्या राहिल्या. "जेवून खाऊन हाय!"

आम्ही होडी शेजारी लावली. त्यांचीही बॅटरी बारा व्होल्टची. स्पीकरच्या वायरी आधी काढायला लावल्या, मग भावोजींनी बॅटऱ्या जोडायच्या दोन जाड वायरी आमच्याकडे फेकल्या. लाल त्यांच्या लालला, दुसरं टोक आमच्या लालला. काळी आमच्या काळ्याला, आणि तिचं शेवटचं टोक बॅटरीपासून लांब, त्यांच्या इंजिनाच्या लोखंडाला. माझं इंजिन चालूच ठेवलं. थोडा दम खाल्ला. मग भावोजींनी बटण दाबलं आणि ते एवढं मोठं धूड खोकत, धूर सोडत जागं झालं.

जेट्टीवर जो ओरडा झाला! कुणीतरी शिट्टी मारली. भावोजी उडी मारून आमच्या होडीत आले, बॅटरीच्या पाया पडले, मग त्यांच्या काकीच्या, म्हणजे सासूबाईंच्या, मग चुकून सेक्रेटरींच्याही. "काकी, आता तुमच्यासाठी एक गाना!" आणि ह्या वेळी इंजिन चालू ठेवून त्यांनी स्पीकर लावले.

एक गाणं कसलं. सासूबाई जेट्टीवर चढल्या, पदर खोचला आणि कंबरेवर हात ठेवून नाचायला लागल्या. मासळी विकणाऱ्या त्यांच्या मैत्रिणी पाट्या खाली ठेवून आल्या. मला ओढलं. काकांना ओढलं. काकांना नाचता येत नव्हतं, ते जागच्या जागी कवायत करत होते, पण चेहरा असा की मी कधी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी मासळी घ्यायला आलेल्या. छातीवर हात ठेवून झोपणाऱ्या आजी अशा गरागरा फिरताना बघून त्यांच्या हातातली पिशवीच पडली. "चार्ज झाली!" सासूबाई त्यांना ओरडून म्हणाल्या.

ह्या सगळ्यात पाण्याकडे कुणाचं लक्ष? सुकती लागली होती. खाडी गुपचूप उतरत होती. सासूबाईंना ते कळायला हवं होतं, त्या जन्मभर भरती-ओहोटी बघून जगलेल्या, पण त्या दिवशी त्या नाचत होत्या.

परत निघालो, ओहोळाच्या तोंडाशी आलो आणि होडी 'सुर्र' करून थांबली. खाली नुसता चिखल. मी घाईनं इंजिन बंद केलं. सेल्फ दाबला तर एका दमात चालू व्हायचं, बॅटरी गच्च भरलेली, सगळं अगदी जसं असायला हवं तसं, आणि होडीखाली पाणीच नाही.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता बसा," सासूबाई म्हणाल्या. "भरती येयपरत."

काकांनी खाली उतरून ढकलण्याचा प्रयत्न केला. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, चप्पल आतच राहिली. आम्ही दोघींनी त्यांना काखेत धरून वर ओढलं, तेव्हा पांढऱ्या शर्टाची खालची बाजू आणि माझं अर्धं तोंड एकाच रंगाचं झालं होतं. मला वाटलं, काका चिडतील. त्यांनी आपल्या पायाकडे पाहिलं, बोट लावून वास घेतला आणि फिस्सकन हसले. मग आम्ही तिघंही. एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. पोट दुखायला लागलं.

दुपारभर आम्ही तिथंच होतो. सासूबाईंच्या पिशवीत भाकरी आणि सुकटीची चटणी निघाली. शाकाहारी काकांसाठी मी आणलेली शेंगदाण्याची चटणी. आजूबाजूला चिखलातून लाल पंजाचे बारके खेकडे बाहेर येऊन आम्हाला नांगी दाखवत होते. सासूबाई मोऱ्याच्या गोष्टी सांगत होत्या, त्यांचे वडील अशाच चिखलात रुतायचे तेव्हा त्यांना खांद्यावर बसवून गाणं म्हणायचे, म्हणजे लेकीनं घाबरू नये. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर त्या खाडीकडे बघत ते गाणं गुणगुणायला लागल्या, आणि काका वल्ह्यावर बोटांनी हळू ठेका धरू लागले.

मग केव्हातरी होडीच्या बुडाशी चुळूक झालं. पुन्हा चुळूक. पाण्याची एक पातळ जीभ चिखलावरून सरकत आली, खेकडे बिळात पळाले. काका वाकून बघत राहिले. "येतंय," ते कुजबुजले, "येतंय हो!" होडी एका अंगाला कलली, मग दुसऱ्या, आणि अगदी अलगद, आपण झोक्यात बसतो आणि कुणीतरी पहिला हलका हात देतं ना, तशी उचलली गेली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला, माझ्याकडे बघितलं आणि खदखदून हसल्या.

"बघतेस काय, बाय? चालव!"